फुकट मांडलेल्या घंटा

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

घंटा आल्या. तीन गोण्या, टेम्पोतून. पडवीत उतरवताना एक गोणी फाटली आणि चार-पाच घंटा पायऱ्यांवरून गडगडत अंगणात गेल्या. आवाज ऐकून समोरच्या घरातली माणसं हात जोडून बाहेर आली, मग हसून आत गेली.

देवीच्या देवळातल्या नवसाच्या घंटा या. वादळात देवळाची कौलं गेली, त्यानंतर स्लॅब टाकला, तेव्हा काढलेल्या. जुन्या लाकडी तुळयांना टांगलेल्या असायच्या. स्लॅबला कोणी कड्याच ठेवल्या नाहीत. आता आरतीला विजेवरची घंटा वाजते आणि या पाच वर्षं कोठीत पडून. दत्तात्रेयदादा, कमिटीचे अध्यक्ष, म्हणाले, "भंगारवाला किलोवर मागतोय. तू ऑनलाइन जुनं पितळ विकतोस ना? तू जास्त आणून दे. देवीचं काम हाय."

देवीचं काम म्हटल्यावर नाही कसं म्हणणार. वर "जास्त आणतो" असं मीही बोलून गेलो. ते बोलायची गरज नव्हती.

मोजल्या. एकशे बारा.

रविवार, ९ नोव्हेंबर

साइटची तीन दिवसांची योजना आज संपत होती — वस्तू लिलावाला मांडायची फी माफ. एरवी एका वस्तूला दहा रुपये. विकली जावो न जावो, दहा गेले. म्हणून मी आठवड्याला चार-पाचच मांडतो. समई असो की होडीवरचा जुना कंदील, आधी चिंचेने घासतो, चार बाजूंनी फोटो काढतो, कुठल्या घरातून आली ते दोन ओळीत लिहितो. गुडघा गेला, होडी सुटली, तेव्हापासून चार वर्षं घर यावरच चालतं. तेराशे गिऱ्हाइकांनी चांगलं लिहिलंय माझ्याबद्दल. कोणी वाईट लिहिलेलं नाही.

आज एकशे बारा मांडल्या. घासली एकही नाही. गोणीतून काढायची, कोब्यावर ठेवायची, एक फोटो, पुढची. मजकूर सगळ्यांना एकच — 'जुनी पितळी घंटा, देवळातली.' फुकट योजनेची अट एवढीच, की बोली शंभरच्या आत सुरू करायची. नव्याण्णव टाकले. बंदरावर मासळीच्या लिलावातही पहिली हाक कमीचीच असते. माणसं चढवतात.

चार वाजता संपलं. पुढच्या रविवारी चार वाजता बोली बंद.

इथे खोटं कशाला लिहू. आमचीही घंटा यात असणार हे मला ठाऊक होतं. लेक भाविका दीड वर्षाची असताना तिने तापाने डोळे फिरवले, तेव्हा माझ्या बायकोने, तुळशीने, नवस बोललेली. अठरा वर्षं झाली. काळ्या पडलेल्या पितळेवर नावं दिसत नव्हती. आणि दिसतील इतकं मी बघितलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

साइटवर 'घंटा' शोधलं. गेल्या आठवड्यापर्यंत साठ-सत्तर असायच्या. आज चार हजारांवर. शाळेच्या, बोटीवरच्या, बैलाच्या गळ्यातल्या. फुकट मला एकट्याला थोडंच होतं. माझ्या त्या गर्दीत कुठे आहेत, मलाच सापडेना.

एका वर्षी जत्रेत कमिटीने दुकानांची पट्टी माफ केली होती. बांगड्यांची चाळीस दुकानं आली. हात तेवढेच. दुसऱ्या दिवशी एक कासारीण मला म्हणाली, "पट्टी घ्या भाऊ, पण आमाला इकू द्या." तेव्हा हसलो होतो.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

बोली नाही. एकही.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सकाळी फोन उघडला तर सगळ्यांवर बोली! देवघरात जाऊन हात जोडले. मग नीट बघितलं. सगळीकडे एकच माणूस. प्रत्येक घंटेवर नव्याण्णव. त्याने आधी काय-काय घेतलंय तेही दिसतं — तुटके नळ, समयांचे पाय, किलोवारी कुलपं. भट्टीवाला आहे. वितळवतो.

भंगारवाला सरासरीने घंटेमागे तीनशे देत होता. हा नव्याण्णव, आणि त्यातूनही साइटचं कमिशन जाणार. मांडणं माफ होतं, विकणं नाही.

भाविकाला फोन केला. पनवेलला नर्सिंग शिकते, तिला या गोष्टी कळतात.

"पप्पा, काढून टाका ना मग."

बोली आल्यावर काढता येत नाही म्हटलं. काढली तर मोडलेला सौदा धरतात. एक-दोन माफ. तिसरा मोडला की खातं बंद.

"बंद म्हणजे कायमचं?"

कायमचं.

ती म्हणाली, "जेवलात का?"

बंदरावर भाव पडला तर बाई टोपली उचलते. घरी नेऊन मासळी सुकवते. तिला कोणी काही म्हणत नाही, टोपली तिची. इथे टोपली मांडली आणि हातच बांधून घेतले.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

दत्तात्रेयदादांकडे जाऊन आलो. झोपाळ्यावर चहा घेत होते.

"समद्यांवर बोली आली म्हणतोस, मग तोंड कशाला पाडलंस?"

भाव सांगितला. त्यांनी कप खाली ठेवला. "शिवदास, हा भट्टीवाला तुझ्या वळखीचा तर न्हाय ना?"

मी चपला घातल्या आणि निघालो. घरी येईपर्यंत रस्ताभर उत्तरं सुचत राहिली. चांगली-चांगली सुचली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तुळशीने फोन मागितला. तिला मी काही सांगितलं नव्हतं, पण पडवीत तीन गोण्या आणि मी चार दिवस न बोलणारा — ती काय आंधळी आहे? एक-एक फोटो बोटाने सरकवत गेली. चौसष्टाव्यावर थांबली.

"ही आपली."

कडेला चेप आहे. देवळाच्या पायरीवर तिच्या हातून निसटली होती, तेव्हाचा. रेवदंड्याहून चालत आणली होती, अनवाणी. भाविका माझ्या खांद्यावर.

"तुमाला दिसली न्हाय?"

"काळी पडलीय."

"फोटो तुमीच काढलाव ना?"

ती रागावली असती तर बरं झालं असतं. फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "काढा तिला तिथनं."

एक काढता येईल. एक माफ आहे. कोणाला कळणारही नाही. पण मग सौदा संपल्यावर एकशे अकरा घंटा भट्टीत जातील आणि एक देवळात परत टांगलेली दिसेल. गावात एवढं तर सगळ्यांना मोजता येतं.

संध्याकाळी देवळात गेलो. मागायचं काय तेच ठरेना. नुसता बसून आलो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी चौसष्ट नंबरची गोणीतून शोधून काढली. लिलावातून काढायच्या आधी एकदा घासून बघू म्हटलं. चिंच, थोडी राख. अक्षरं वर आली.

'धर्मा बाळ्या. होडी जलपरी सुखरूप. सन १९९१.'

तुळशीने हातात घेतली, चेपावरून बोट फिरवलं, परत वाचली.

घंटा पिशवीत घालून धर्माकाकांकडे गेलो. पंचाहत्तरी उलटली, ओट्यावर बसून जाळं विणतात अजून. सगळं सांगितलं — भाव, भट्टीवाला, सगळं. वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर घेतल्या असत्या.

"माजी व्हय ही?" उलटसुलट करून बघितली. "मंग? देवीला दिलेली. तिनं इकली तं इकली. आपुन कोन?" परत हातात दिली. मी उठलो तर म्हणाले, "आमच्या पोराला सांगू नको. तो पयला भाव इचारील."

मी हसलो. ते पण.

मग म्हणाले, "आनलीयस तशी वाजव तरी."

वाजवली. एकदाच. ओट्यावर आवाज बराच वेळ राहिला. काकांच्या हातातली जाळ्याची सुई थांबली होती.

"तीन दिस इंजिन बंद," ते म्हणाले. "खांदेरीचा दिवा दिसायचा. दिसायचा, पन जवल येयाचा न्हाय."

एवढंच. परत विणायला लागले.

घरी आलो तर तुळशीने घमेल्यात चिंच भिजत टाकलेली. आमची शोधायला बाकीच्या घासाव्याच लागणार होत्या. दिवसभर दोघं पडवीत. 'पायास आराम.' 'सुनबाई सुटली, दोघे खुशाल.' 'मिठागराचे काम लागले.' एकीवर फक्त 'झाले' असं कोरलंय. कोणाचं, काय झालं, काही नाही. तुळशी ती बराच वेळ घासत बसली.

संध्याकाळपर्यंत सत्तर झाल्या. आमची त्यात नाही.

दहा रुपये फी असती तर हे सगळं मी आधीच वाचलं असतं. दहा रुपये जायचे म्हणून तरी माणूस वस्तू हातात धरतो, उजेडात नेतो. फुकट म्हटल्यावर डोळे मिटून मांडत गेलो. लोकांनाही हेच झालं असणार — चार हजार घंटा, आणि बघितली कोणीच नाही. साइटचं काय बिघडलं? तिचा बाजार भरला. मांडणाऱ्याला काय मिळालं, हे कोणी मला विचारलं तर मी सांगीन. पण मला कोण विचारतंय.

रविवार, १६ नोव्हेंबर

तीन वाजेपर्यंत आणखी एकवीस घासल्या. आमची नाही. एकवीस राहिल्या, तासाभरात होण्यासारख्या नव्हत्या. माझे हात चिंचेने सोलवटलेले.

तुळशी म्हणाली, "आता वो?"

खरं ते लिहितो. आमची सापडली असती तर ती एकटी काढली असती आणि बाकीच्या जाऊ दिल्या असत्या. लोक बोलले असते, ऐकून घेतलं असतं. खातं वाचलं असतं, भाविकाची पुढची दोन वर्षं निघाली असती. मनात पक्कं केलं होतं. देवीची माफी कशी मागायची तेही ठरलं होतं. पण सापडली नाही. आता तिला राखायचं तर सगळ्याच राखाव्या लागणार होत्या.

साडेतीनला बसलो. धर्माकाकांची पहिली काढली. मग 'झाले' लिहिलेली. तिसरी कुठली काढली बघितलंही नाही. पडद्यावर आलं की खातं बंद करण्यात येत आहे. बाकीच्या एकशे नऊ लिलावातून आपोआप गेल्या. चार वर्षांची तेराशे माणसंही गेली. आवाज वगैरे काही झाला नाही.

तासाभरात दत्तात्रेयदादा दारात. त्यांना कोणी सांगितलं देव जाणे.

"बायकोच्या एका घंटेपायी देवीचं नुकसान केलंस. लोकांना काय कलत न्हाय असं वाटतं तुला?"

"आमची अजून सापडली नाही, दादा."

"सापडंल ना. सापडली की टांगशील. बाकीच्या घेऊन जायला उद्या भंगारवाल्याला पाठवतो, गोण्या बांधून ठेव."

गोण्या रिकाम्या होत्या. घासलेल्या घंटा पडवीत भिंतीकडेने ओळीने मांडलेल्या. नावं बाहेरच्या बाजूला — तुळशीने मांडल्या होत्या तशा. बोलता-बोलता त्यांची नजर तिकडे गेली. दुसऱ्याच्या पडवीत माणूस आधी ओळखीचं नाव शोधतो. वाकून वाचत गेले. मधेच थांबले. चष्मा काढून शर्टाला पुसला.

'चांगुणा. दत्तूस बरे वाटले.'

ते पायरीवर बसले. चपला काढल्या.

"आई कधी बोलली न्हाय," म्हणाले.

तुळशीने पाणी आणून दिलं. प्यायले. जाताना मान वर न करता म्हणाले, "भंगारवाल्याला मी सांगतो काय ते. कड्यांचं बघू." फाटकापर्यंत गेले आणि परत वळून म्हणाले, "पन तू आपल्या घंटेसाठीच केलंस, शिवदास."

मी नाही म्हणालो नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

उरलेल्या एकवीस आज घासून झाल्या. आमची त्यात नाही. एकशे बारांत कुठेच नाही. सगळ्या परत एकदा वाचल्या, कोठीतही जाऊन कोपरे बघून आलो.

तुळशीला सांगितलं. ती हातावरची राख धूत होती.

"आपली देवीनं ठेवून घेतली," म्हणाली.