कोठ्यातून ऐकलेला सिक्स

पुणे, १ नोव्हेंबर २०२५

बाबा, तुम्हाले अन मायले जयभीम.

मी बरी आहो. होस्टेलचं जेवण आता अंगी लागून राहिलं. मायचा गुडघा कसा आहे? तिले धान कापाले नेऊ नका.

काल फोनवर तुम्ही खुशीत विचारलं, "पोरींची सेमीफायनल तू पाहिली नाही ना? म्हून जिंकलो!" मी नाही म्हणली. खोटं बोलली.

२०११ च्या फायनलले मी आठ वर्षांची होती. तुमच्यासाठी पाणी घेऊन आत आली अन पहिल्याच ओव्हरमध्ये विकेट पडली. तुम्ही म्हणले, "पनौती, बाहेर बस." शेवटचा सिक्स मी कोठ्यात, बैलांजवळ बसून ऐकला. तवापासून दरेक मॅचले मी कोठ्यात अन अश्विनदादा आत, तुमच्या बाजूले.

परवा तीनशे एकोणचाळीस पाहिजे होते, समोर ऑस्ट्रेलिया. दोन विकेट लवकर गेल्या. माझे पाय आपोआपच दाराकडे वळले, पण मी खुर्ची घट्ट धरून बसली. तिसऱ्या नंबरवर आलेल्या आपल्या पोरीचे कॅच त्यांच्याकडून सुटले, तरी ती शेवटपर्यंत आऊट झाली नाही. जिंकल्यावर ती रडली. मी पण.

पत्र पोचेस्तोवर फायनल होऊन जाईल. हरलो तर मले बोल लावा, पण दादाच्या पोरीले, आर्वीले, कोठ्यात पाठवू नका.

परवा मी पहिल्या बॉलपासून टीव्हीसमोरच होती, बाबा.

तुमची पनौती,
प्रज्ञा