शाबूत पर

प्रिय बाबा,

तू पलीकडच्या खोलीत खुर्चीत घोरतोयस आणि मी इथे तुला पत्र लिहितेय. तोंडाने सांगायला घेतलं की तू कॉफी ओतायला उठतोस आणि विषय तिथेच राहतो. कागदावरून तुला तसं उठून जाता येणार नाही.

आपल्या मंगळवारच्या गिऱ्हाइकाचा, बेंटली साहेबांचा निरोप आलाय. धरलेला स्टीलहेड मासा त्यांनी लोणी-लिंबू लावून भाजला, फार गोड लागला म्हणे. "ओरिनसारखा वाटाड्या अख्ख्या ओरेगॉनात नाही," असंही लिहिलंय. तो निरोप मी तुला दाखवला नाही.

लहानपणी मला पहिल्यांदा नदीत उभं केलंस, तेव्हा गळाला बांधलेल्या पिसांच्या खोट्या माशीकडेच मी बघत बसले होते. "अगं फेक! एक पाऊल खाली, परत फेक. ती माशाला दाखवायचीय, तुला नाही!" असं ओरडला होतास. मासा लागल्यावर मी हरखून उचलायला गेले, तर मनगट धरलंस. शेपटीजवळ, पाठीवरचा तो इवलासा पर दाखवलास. मत्स्यकेंद्रात वाढवलेल्या पिल्लांचा तो कापूनच त्यांना सोडतात. तो मासा खुशाल घरी न्यावा. ज्याचा शाबूत, तो नदीचा; त्याला मारणं गुन्हा. "समुद्र बघून माहेरी आलीय ती. तिला पाण्याबाहेर काढायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही." या नदीवरच्या निम्म्या वाटाड्यांना हे तूच शिकवलंयस.

आणि मंगळवारी बेंटलींचा मासा जाळीत आल्यावर तूच म्हणालास, "कापलेला आहे. घ्या साहेब, मेजवानी!" आणि दांडका घातलास. मी माझी होडी काठाला लावून येईपर्यंत सगळं संपलं होतं. पर जागेवर होता, बाबा. तू हात धुवायला वळलास, बेंटली कॅमेरा शोधत होते. मी सुरी काढली, पर मुळापासून उडवला आणि पाण्यात टाकला. मग पोट चिरलं. केशरी गाभोळीने माझी ओंजळ भरली. तू मागून म्हणालास, "पोरीचा हात बघा साहेब, कशी सुरेख साफ करते!" मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटतेय.

लाज तेवढ्याचीच नाही. या हंगामात पुढची होडी मी नेते. गळ-दोऱ्यांच्या दुकानातला गस चिडवतो, "काय रे ओरिन, पोरीचं शेपूट धरून चाललास?" तू म्हणतोस, "म्हातारपणी तीच ओढणार आहे, सवय करतोय." सगळे हसतात. तू माझ्या लाल जॅकेटच्या मागोमाग वल्हवतोस, हे मला कधीच कळलंय. म्हणून ऊन असलं तरी मी ते काढत नाही. गळाच्या भोकात दोरा मीच ओवते, आणि तुझे हात गारठलेत असं तुझ्याआधी मीच सांगून टाकते. मला वाटायचं, लेक बापाची लाज राखतेय. खरं सांगू? होडीतून उतरवल्यावर तू कसा दिसशील, ते मला बघायचं नव्हतं. मी स्वतःलाच जपत होते.

आणि शनिवारी तुझ्या होडीत हॅरमन कुटुंब आहे, दोन्ही लहान मुलींसकट. पावसाने पाणी चढलंय, दरीतल्या खळाळत्या उतारावर मधल्या खडकाचं जेमतेम टोक दिसतं. हातातल्या माशाचा पर तुला दिसला नाही. ते टोक कसं दिसेल?

हॅरमनना मी माझ्या होडीत घेतेय. डोळ्यांच्या डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय, मीच नेईन. आत्ता मत्स्य अधिकाऱ्यांकडे चाललेय. मासा कसा मेला ते सांगेन, आणि पर माझ्या सुरीने गेला हेही सांगेन. तुला वाचता यावं म्हणून अक्षरं एवढी मोठी काढलीत, चांगली अर्धी वही संपली. हवं तेवढं रागाव, महिनाभर बोलू नकोस. फक्त शेडमध्ये गेलास की चोर शिरला म्हणून गसला फोन करू नकोस. तुझी वल्ही मी नेली आहेत.

तुझीच,
थीया