बुटातलं घड्याळ

सूपवाल्या,

आपली जुनी नूडल्सची कंपनी कोण विकत घेणार, यावर इथे रोज कोणीतरी नवी कंडी पिकवतं. फोर्कलिफ्टवाला परदेशी माणसांवर पैज लावायला तयार आहे. हिशेबखात्यातल्या ताई म्हणतात, सगळ्या वावड्या. मी मात्र गप्प, कारण मला ठाऊक आहे.

काल काही पाहुणे पॅकिंग हॉल बघायला आले. दारात सगळ्यांना बूट आणि घड्याळं काढायला लावली. बाकीच्यांनी घड्याळं ट्रेमध्ये ठेवली. एका मास्कवाल्याने मात्र डाव्या बुटात सरकवलं. तू इथे कामाला होतास आणि लॉकरला कुलपं नव्हती, तेव्हा ही युक्ती आपण दोघांनीच काढली होती ना?

तू आत गेल्यावर मी बूट उचलून पाहिला. घड्याळ मी दिलेलंच, पट्टा तेवढा नवा. म्हणजे मला सोडून ज्या सूपवाल्या कंपनीकडे गेलास, तीच आम्हाला घेणार.

हे पत्र पाठवणार नाही. पहिल्या दिवशी तुझा पडलेला चेहरा बघायची मजा का घालवू? मालक म्हणून खुशाल ये. पण हॉल माझ्या हाताखाली आहे, घड्याळ दारातच काढावं लागेल. आता लॉकरला कुलपं आहेत, आणि किल्ल्या माझ्याकडे असतात.

तुझी कोणी नसलेली,
नूडल्सवाली