साडी मीच निवडली

शनिवार, संध्याकाळ. पांडेसरा, सुरत

निलेशचा साखरपुडा ठरला. मला कळलं ते त्याच्या आईकडून, आमच्या गावाकडच्या शेजारच्या काकूंकडून. सकाळी अमळनेरहून काकूंचा फोन आला, माझ्या आईच्या मोबाईलवर, स्पीकर चालू. "सूनकरता सुरतनी साडी पाहिजे. तूच निवड व माय, तुले समजस." हे मला उद्देशून, पण आईच आनंदाने हो म्हणाली. तिला आमचं काहीच माहीत नाही. दोन वर्षं मी गच्चीवर जाऊन फोनवर कोणाशी बोलते, तिने कधी विचारलंच नाही. आणि हा निलेश! परवा अर्धा तास बोलला, याबद्दल अवाक्षर नाही.

दुपारी मार्केटला गेलो. दुकानदाराने राणी रंगाची साडी माझ्याच खांद्यावर टाकली. "बेन, तमने बहु सरस लागे छे." मी पदर धरून उभी राहिले, आईने फोटो काढून काकूंना पाठवला. चेहरा आलाच नाही. हात आला, मनगटावरच्या काळ्या दोऱ्यासकट. मागच्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला गावी गेले तेव्हा, झोक्यामागे निलेशनेच बांधलेला. तेव्हा म्हणाला होता, यंदा घरी सांगतो.

मी वाईट साडी का नाही निवडली? सहज निवडता आली असती. नाही जमलं.

दोन मिनिटांत काकूंच्या नंबरवरून उत्तर आलं, "हीच घ्या." आईने लगेच दुकानदाराला साडी बांधून द्यायला सांगितली.

पण काकूंना लिहिता येत नाही. त्यांचे मेसेज निलेशच लिहितो. म्हणजे फोटो त्याने बघितला. दोरा बघितला. आणि तरीही लिहिलं, हीच घ्या.