अनाहीला विमानात बसवेपर्यंत

११ जुलै, बसमध्ये

पाय टेकायची फळी बाहेर येत नाही. आसन या नावाखाली मला जे मिळालं आहे त्यावर बसणं ही तपश्चर्या आहे, आणि शेवटी कुठलाही देव प्रसन्न व्हायचा नाही. ही तक्रार मी दाही दिशांना साक्ष ठेवून नोंदवतो. बसमधल्या माणसाला फळी दाखवली. तो म्हणाला, ‘गेल्या हिवाळ्यापासून ती अशीच आहे, साहेब. पाय खाली सोडा. जमीन तिथेच आहे.’

वरच्या मजल्यावर एका बाजूला दोन सीट, दुसऱ्या बाजूला एक. जोडीत मिर्ता आणि अनाही. एकटीवर मी.

मिर्ता लेकीला म्हणाली, ‘तुझ्या वडिलांना सांग, माझी उशी घ्या पायाखाली.’ अनाहीने सांगितलं. मी अनाहीला सांगितलं, राहू दे म्हणावं. मधे वाट होती, हातभर.

आमचं रोसारियो मागे पडलं. आता इग्वासूचे धबधबे, मग बुएनोस आयरेस, मग अनाहीचं विमान. मिर्ताचे आजोबा गालिसियाहून इकडे आले, त्या पुण्याईवर नातीच्या लेकीला स्पेनचा पासपोर्ट मिळाला. विगोच्या इस्पितळात नर्सची नोकरीही. ‘धबधबे न बघता देश सोडला तर तिकडे काय सांगू?’ म्हणून ही सहल.

१२ जुलै

पोचलो. झोपलो. लाल माती बुटांना, पँटला, आणि कशी कोण जाणे, टूथब्रशलाही.

१३ जुलै

धबधबे पाहिले. साप्ताहिकाला लेख पाठवायचा आहे, त्यात ‘रौद्र’ हा शब्द येणार. इलाज नाही. पंचवीस वर्षं इथून मराठीत पत्रं पाठवतो आहे, पण एवढ्या पाण्यापुढे माझ्याकडचं सगळं संस्कृत ओलं होऊन बसलं. सैतानाचा घसा म्हणतात त्या कड्यावर रेनकोट घालून उभं राहायचं, भिजायचं, आणि भिजलो म्हणून खूश व्हायचं. रेनकोट निळा, पातळ, एका काखेत फाटलेला. माझे गुडघे म्हणत होते, बसू या.

वाटेत एका कोआतीने — लांब नाकाचं, शेपटी उभी धरून चालणारं बिलंदर जनावर — मिर्ताच्या हातातली सँडविचची पिशवी ओढून नेली. पाच पावलांवर बसून, आमच्याकडे बघत, हॅम तेवढं खाल्लं. पाव ठेवला. मिर्ता हसायला लागली. मीही. हसता हसता दोघांची नजर एक झाली — आणि दोघंही अनाहीकडे वळून तिला सांगायला लागलो, बघितलंस का, काय केलं त्याने! ती शेजारीच उभी होती. सगळं बघत.

परतीच्या छोट्या गाडीसाठी रांग. मिर्ता बाथरूमला गेली तेव्हा अनाही म्हणाली,

‘पा, एक सांगते. मी सांगितलं असं आईला म्हणू नकोस. आईने ओफेलिया मावशीला खोलीबद्दल विचारलंय.’

ओफेलिया म्हणजे मिर्ताची थोरली बहीण. मार देल प्लाताला समुद्राजवळ घर. विधवा. बोलघेवडी.

‘किती दिवसांसाठी?’

‘तेच तर सांगितलं नाही तिने. मी विमानात बसायच्या आत तू तिला घरी चल म्हण. एवढंच.’

‘घरी तर चाललोच आहोत.’

‘पा.’

गाडी आली.

१४ जुलै

पाऊस. हॉटेलच्या पडवीत माते, म्हणजे इथला कडू पाल्याचा चहा, पीत बसलो. बाहेर कुठेच जायचं नाही याचं तिघांनाही बरं वाटत होतं.

पाणी ओतायला नेहमीप्रमाणे अनाही. तुंब्यात पाला, पाल्यात नळी, वरून ती थर्मासमधलं पाणी ओतते आणि तुंबा मला देते. मी पितो, तिला परत देतो. ती पुन्हा भरते, आईला देते. आई पिते, तिला परत देते. इथली रीतच तशी — तुंबा ओतणाऱ्याकडेच परत जातो. पिणारे एकमेकांना देत नाहीत. अख्खा देश असाच पितो, त्यात गैर काही नाही.

पण अनाही बारा-तेरा वर्षांची झाल्यापासून आमच्या घरात तीच ओतते. म्हणजे तेव्हापासून मी मिर्ताच्या हातात काही दिलं नाही, तिने माझ्या हातात काही ठेवलं नाही. भांडण नाही. कधी नव्हतंच. भांडायलाही समोरासमोर यावं लागतं.

अनाहीने मधेच थर्मास माझ्यापुढे सरकवला. ‘आज तू ओत.’

ओतलं. नळी हलवली. इथे चर्चमध्ये शिट्टी वाजवली तरी चालेल, पण नळी हलवायची नाही. पाला बसला, नळी तुंबली.

मिर्ता म्हणाली, ‘तुझ्या वडिलांना इतक्या वर्षांत एवढंही आलं नाही.’

माझ्याकडे बघून नाही म्हणाली. पण तुंबा घेतला तो माझ्याच हातातून. नळीला दम लावून ओढत बसली. टाकला नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी पावसाबद्दल बोललो.

१५ जुलै, बसमध्ये

या वेळी अनाही एकटीवर जाऊन बसली, कानात गाणी घालून. आम्ही जोडीत. दिवसभर दोघांनीही झोपेचं सोंग घेतलं. मिर्ताचं जास्त चांगलं होतं. पोसादासच्या पुढे तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. हललो नाही. हात बधिर झाला. ती जागी होती असं आत्ता लिहिताना वाटतं आहे.

१७ जुलै, बुएनोस आयरेस

रेकोलेताची दफनभूमी. श्रीमंतांची मेल्यावरची घरंही आमच्या घरापेक्षा मोठी. मग कोरियेन्तेस रस्त्यावर उभ्याने पिझ्झा. मग सान तेल्मो, जुन्या चमच्यांची दुकानं. प्रत्येक चौकात अनाही म्हणते, इथे फोटो काढू. आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना उभे राहतो. एका फोटोवाल्याने म्हटलं, ‘पोरी, तू ये बाहेर, आईबाबांचा एक काढतो.’ ती झटकन सरकली. मधली जागा तशीच राहिली. फोटोवाला: ‘सरका की जवळ! लग्न झालंय ना तुमचं?’ मिर्ता म्हणाली, ‘कागदपत्रं आहेत.’

मोजे ओले. पाठ गेली. उद्या विमान.

१८ जुलै

एसेइसा विमानतळ. अनाहीने मला मिठी मारून कानात विचारलं, ‘म्हणालास?’ मी म्हटलं, हो. ती गेली. काचेपलीकडून हात केला, कोणाला ते कळलं नाही. दोघांनीही केला.

शहरात परतताना बसमध्ये म्हणालो. ‘मिर्ता, घरी चल.’

तिने खिडकीकडून मान वळवली. खूप दिवसांनी सरळ माझ्याकडे.

‘हे तुझं आहे, की तिने सांगितलंय?’

‘तिने सांगितलं,’ मी म्हटलं. खोटं बोलायचं नव्हतं म्हणून.

‘बरं,’ ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, ‘दमलास तू.’

ते म्हणणं माझंही होतं, हे पुढचं मी बोललोच नाही.

२० जुलै, रोसारियो

मिर्ता काल बुएनोस आयरेसच्या रेतिरो बसस्थानकावरून मार देल प्लाताच्या बसमध्ये बसली. काही दिवसांसाठी म्हणाली. मी बॅग वर ठेवून दिली.

अनाहीचा फोन आला, पोचली. खोलीतून समुद्र दिसतो म्हणाली. तिची मला काळजी नाही.

मिर्ता परत येणार नाही अशी मला भीती वाटते आहे. तिला हे माहीत नाही.