नोझलची फुंकर

घाटनांदूर, मंगळवार, दिवेलागण

फवारणीचे पंप दुरुस्त करत करत मी दुकान उभं केलं. पंप नुसता ऐकून वायसर गेलंय का झडप, ते सांगतो. आणि सख्ख्या भावाची छाती ऐकली नाही!

दुपारी धाकटा भाऊ दगडू तणनाशक मारून आला. नोझल तुंबलं होतं. नेहमीसारखं तोंडाला लावून फुंकलं. आम्ही सगळे असंच करतो. अंबाजोगाईला नर्सिंग शिकणारी त्याची शीतल ओरडलीच, "बाबा, थुका आधी! चूळ भरा!"

"लई शिकली गं बाई तू," दगडू हसला.

ती म्हणाली, फुफ्फुसातले बारीक फुगे मिटू नयेत म्हणून आत प्रथिनं असतात. हे विष तीच बिघडवतं, मग फुफ्फुस कडक होतं आणि सुरुवातीला कळतही नाही. प्रथिनं डाळीत, अंड्यात असतात, एवढंच मला ठाऊक.

थट्टेतच दगडूच्या पाठीला कान लावला. श्वास आत घेताना वाळल्या पाचटावर पाय पडावा तसा आवाज. पुन्हा लावला. तोच. कधीपासून वाजतंय हे?

"काय अण्णा, वायसर गेलं का?"

मला हसता आलं नाही. वायसर डबाभर पडलेत दुकानात.

उद्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. "येतो की. तेवढं नोझल बघतो," म्हणत त्यानं ते पुन्हा ओठांकडं नेलं. मी हिसकावलं. आणि साफ झालंय का बघायला माझाच हात तोंडाकडं निघाला होता.