नापास मालाची वही

मोहम्मद बिन झायद सिटी, अबूधाबी
२ मे २०२५

ती. ताईस,
रामेश्वरचा सा. न. वि. वि.

नूरुद्दीनभाई पुतण्याच्या लग्नासाठी उद्या राजापूरला निघालेत. त्यांच्या बॅगेत हे पत्र, बदाम आणि तू मागवलेलं केशर आहे. बातम्या फोनवर आणि निर्णय कागदावर, हा तुझा नियम आमच्या ऑफिसात सर्वांत जास्त त्यांनाच पटलाय. परतताना उत्तराबरोबर आंब्याची पेटी मिळते, हे त्यांना ठाऊक आहे.

निर्णयच आहे. गाणं, नाच आणि अभिनय एकत्र शिकवणाऱ्या त्या पदवीसाठी आपल्या कावेरीला ब्रिटनमध्ये दोन ठिकाणी जागा मिळाली. एक लंडनचं, नुसतं नाव घेतलं तरी लोक सरळ बसतात असं. दुसरं उत्तरेकडे समुद्राकाठच्या एका गावातलं. ते नकाशात शोधायला मला चष्मा लागला. फी उन्नीस-बीस, म्हणजे पैशाचं निमित्त सांगायची सोय नाही. उत्तर ४ जूनच्या आत द्यायचंय आणि जामीनदार म्हणून सही माझी.

मी रीतसर एक्सेल केलं. रँकिंग, माजी विद्यार्थी, लोकांत नाव. लंडनला ९१ गुण, गावाला ५४. गावाच्या ५४ मधले दहा हवा चांगली आहे म्हणून मी पदरचे दिले. परवा लिफ्टमध्ये सातव्या मजल्यावरच्या गृहस्थांना लंडनचं नाव सांगितलं, तर त्यांनी हातातला मोबाइल खाली केला. दुसरं सांगितलं, तर तो नर्सिंगचा कोर्स आहे का म्हणून विचारलं. तूच सांग, काय उत्तर द्यायचं.

आणि कावेरीला ते गावच हवंय. एक्सेल दाखवलं तर तिने इंग्रजीत कळवलं की शीट फार सुबक आहे. मला वाटतं ती लंडनला घाबरली. ऑडिशनचा व्हिडिओ करताना एसीचा आवाज येतो म्हणून तासभर बंद खोलीत मोबाइल धरून घामाने भिजलेला माणूस मी आहे. तिचा आवाज काय आहे ते मला कळतं. एवढा आवाज कुणाला माहीत नसलेल्या जागी जाऊन पडावा, हे पटत नाही. रंजिता म्हणते, पोरीला विचार. मी म्हणतो, आत्याला विचारू. तुझं ती ऐकते. सुट्टीत तुझ्या पेटीशेजारी बसूनच तिला सूर लागला. तू तिला चार ओळी लिही.

तुझ्या गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ आहेच, तो रँकिंग न पाहता वाढवावा.

तुझा,
रामेश्वर

* * *

राजापूर
९ मे २०२५

चि. रामेश्वर यास अनेक आशीर्वाद.

पत्र, बदाम, केशर पोचलं. नूरुद्दीन स्वतः येऊन बसले, चहा घेतला, लग्नाच्या बिर्याणीचं साग्रसंगीत वर्णन केलं. आंब्यांची पेटी त्यांच्याबरोबर देते आहे. वरचा थर तुमचा, खालचा त्यांचा. वाटेत थर उलटले तर वाद घालू नये.

तुझं एक्सेल मी मनोभावे वाचलं. हवेला दहा गुण देणारा परीक्षक मी शाळेतल्या तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. लिफ्टमधल्या गृहस्थांनाही एक रकाना ठेवायला हवा होतास. पोरीला तीन वर्षं तिथे राहायचंय, त्यांना लिफ्टमध्ये सात मजले. पण मत त्यांचंच जड दिसतंय.

आम्ही संस्कृतवाले याला स्थालीपुलाकन्याय म्हणतो. बाबांनी तुला तो पाठ करून दाखवायला सांगितला की तुला नेमकं पोट दुखायचं. भांड्यातलं एक शीत दाबून बघावं आणि सगळा भात शिजला की नाही ते ओळखावं. न्याय चोख आहे, फक्त शीत आपण उचललेलं पाहिजे. ही नामवंत मंडळी आपलं सर्वांत टपोरं शीत चांदीच्या चमच्यात घालून समोर धरतात. खाली किती करपलं, ते कोण दाखवतो?

हे तुला मी शिकवावं याची गंमत वाटते, कारण मला ते तूच शिकवलंस. तुझं २००३ सालचं पत्र ट्रंकेतून काढलंय. मुसाफाच्या औद्योगिक वसाहतीत व्हॉल्व्ह तपासायच्या नोकरीत तू नवा होतास. एका मोठ्या कारखान्यात भिंतभर सर्टिफिकेटं होती, कहवा-खजूर झाला आणि तू त्यांच्याकडे नापास मालाची वही मागितलीस. ते हसले, म्हणाले आमच्याकडे माल नापास होतच नाही. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये मात्र तेलकट, जाडजूड वही निघाली. कुठला व्हॉल्व्ह का गळला आणि मग काय बदललं, सगळं तारीखवार. तू शेडवाल्याला पास केलंस आणि साहेबांची बोलणी खाल्लीस. तुझंच वाक्य उतरवते: ज्याच्याकडे नापासाची वही नाही, त्याच्याकडे पास मालही नाही.

तेव्हा तू पंचवीस वर्षांचा होतास. आता शहाणपण कमी झालं असेल तर कळव.

दोन्हीकडे एवढा एकच प्रश्न विचार. एका वर्षी आत आलेली सगळी मुलं आज कुठे आहेत? सगळी, चमच्यातली नव्हेत.

कावेरीला मी लिहिणार नाही. तिला माझं ऐकायची सवय आहे, आणि ती मोडायचं तिचं वय झालंय.

रंजिताला आशीर्वाद. आंबे संपले तरी माया ठेवावी.

ताई

* * *

मोहम्मद बिन झायद सिटी
२५ मे २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

नूरुद्दीनभाई आता लवकर निघत नाहीत. तुझा नियम मोडू नये म्हणून हाताने लिहून फोटो पाठवतोय. आंब्यांचे थर उलटले होते. वाद घातला नाही, फक्त त्यांनी सलग तीन दिवस माझ्याकडे बघायचं टाळलं.

तुझा प्रश्न दोन्हीकडे पाठवला. लंडनचं उत्तर चार मिनिटांत आलं. सोबत चकचकीत माहितीपत्रक, त्यात अकरा हसरे चेहरे. मी नम्रपणे पुन्हा विचारलं की बाकीचे? कळवलं की अशी माहिती ठेवली जात नाही. ताई, मला एकदम कहवा-खजुराचा वास आला.

गावाकडून सहा दिवस काही नाही. मी मनातल्या मनात खलास म्हणून टाकलं. सातव्या दिवशी गाणं शिकवणाऱ्या बाईंचं लांबलचक पत्र आलं. एका वर्षाची बावीस मुलं, नावं झाकून. नऊ रंगभूमीवर, चार जहाजांवर गातात, तिघं शाळेत शिकवतात, तिघं ऑफिसात, एकाची बेकरी आहे आणि ती चांगली चालते. दोघं मधूनच गेली. त्यातल्या एकाचा गळा गेला, कारण आम्ही त्याच्याकडून जास्त गाऊन घेतलं, असं बाईंनी स्वच्छ लिहिलंय. आणि तेव्हापासून दर सत्राला प्रत्येकाचा गळा डॉक्टरकडून तपासून घेतो, हेही. तारखेसकट. तेलाचे डाग तेवढे नव्हते.

शेवटी त्यांनी विचारलं होतं की तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलत नाही का? कारण हाच प्रश्न कावेरीने त्यांना मार्चमध्येच विचारला होता, जवळजवळ याच शब्दांत. लंडनलाही विचारला होता, हे मागाहून कावेरीनेच सांगितलं.

मी पत्र घेऊन तिच्या खोलीत गेलो. ती म्हणाली, हा प्रश्न तिने माझ्याकडूनच उचलला. सातआठ वर्षांची असताना शाळेला सुट्टी असली की मी तिला कारखान्यांत घेऊन जायचो. ती कोपऱ्यात चित्रं रंगवायची, आणि प्रत्येक ठिकाणी माझा पहिला प्रश्न नापासाच्या वहीचाच असायचा. मग मला आधी का नाही सांगितलंस, म्हटलं. त्यावर, एवढ्याच वेळी मराठीत, म्हणाली की बाबा, तुम्ही विचारलं कुठे, तुम्ही तर गुण दिलेत.

माझ्याच घरातला माल मी न तपासता भीतीच्या रकान्यात टाकला होता.

सही काल केली, गावाला. पण ताई, एक खरं सांगतो. बावीसांपैकी नऊच. उरलेल्या तेरांत आपली पोर असली तर? लंडनने निदान ते सांगितलं तरी नसतं. रंजिता झोपते, मी यादी मोजत बसतो.

थोडा धीर लिहून पाठव. माया आहेच, ती या खेपेला जरा जास्त लागेल.

रामेश्वर

* * *

राजापूर
२९ मे २०२५

चि. रामेश्वर यास अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाला. अक्षर अजून तसंच, डॉक्टरने लिहावं आणि कंपाउंडरने रडावं असं.

धीर माझ्याकडेही फार शिल्लक नाही. ती कुठल्या ओळीत पडेल ते मला माहीत नाही, तुला नाही आणि त्या बाईंनाही नाही. एवढंच दिसतं की ती पडली तर लिहून ठेवणारं माणूस तिथे आहे. तू २००३ मध्ये तेवढ्यावरच सही केली होतीस, आणि ते व्हॉल्व्ह अजून चालू आहेत असं तूच दर दिवाळीला फोनवर सांगतोस.

शाळेच्या सामानातली एक दोनशे पानी वही कावेरीसाठी काढून ठेवली आहे. नूरुद्दीन येतील तेव्हा देईन, त्याबरोबर फणसाची साटं, या खेपेला नावं घालून. वहीत तिने दर महिन्याला काय बिघडलं ते लिहायचं आणि पानाचा फोटो मला धाडायचा. काय जमलं ते लिहायची गरज नाही. ते तू लिफ्टमध्ये सांगशीलच.

तुम्हा तिघांवर लोभ आहे, आणि त्याची नापासाची वही मी ठेवत नाही.

ताई